रगतसाहेबांचा प्रबंध

बटाटावडा तराजूत घालून मग खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे साहेब. कर्जत स्टेशनाबाहेरच्या टपरीवर ते उभे राहत, खांद्यावरच्या झोळीतून सोनाराकडे असतो तसला लहान काटा काढत आणि वडा पारड्यात ठेवत. वड्याचं तेल कागदाला लागतं, म्हणून आधी कोऱ्या कागदाचं वजन, मग तेलकट कागदाचं. सगळं वहीत टिपून होईपर्यंत वडा गार होई. टपरीवाल्याला पहिल्यांदा वाटलं की हा वजनमापाचा इन्स्पेक्टर आहे. त्याने पंधरा दिवस वडे मोठे केले. मग खरी गोष्ट कळली आणि वडे पुन्हा होते तेवढे झाले. साहेबांच्या संशोधनामुळे आमच्या भागातल्या लोकांच्या खाण्यात झालेली चांगली सुधारणा ती एवढीच.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील कर्जतलाच शाळामास्तर. बी.एस्सी. होऊन मी रक्त-लघवी तपासण्याचा कोर्स केला होता आणि घरी बसले होते. त्यात मुंबईहून कोणी संशोधक आलेत, त्यांना मदतनीस हवी आहे, असं वडिलांना कळलं. मी भेटायला गेले. साहेबांनी माझी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत. त्यांनी विचारलं, "या खोलीची लांबी किती?"

"बारा फूट असेल," मी म्हटलं.

"असेल, हे मत झालं. मत नको, माप द्या." त्यांनी टेप माझ्या हातात दिली. खोली पावणेबारा फूट भरली आणि मला नोकरी लागली. घरी येऊन मी वडिलांना सांगितलं की माणूस विक्षिप्त आहे, पण सत्याचा आहे. यातलं पहिलं बरोबर होतं.

साहेब पीएच.डी. करत होते. किती वर्षं करत होते ते त्यांच्या बायकोलाही सांगता येत नसे. ती माहेरी जाऊन राहिली होती. विषय होता आमच्या भागातल्या शेतकरी बायकांचा रक्तक्षय. अनवाणी चिखलात लावणी करायची, त्या चिखलातून जंत पायावाटे अंगात शिरायचे, ते आतून रक्त प्यायचे, वर खायला धड नाही आणि बाळंतपणं लागोपाठ. हे सगळं एकत्र पाहायला हवं, एकट्या डॉक्टरचं किंवा एकट्या समाजशास्त्रज्ञाचं ते काम नाही, असं साहेबांचं म्हणणं. ते म्हणणं आजही मला पटतं. वाईट एवढंच वाटतं की इतकी चांगली गोष्ट त्या डोक्याला सुचली.

कारण या आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा साहेबांनी केलेला उपयोग निराळाच होता. त्यांचे मार्गदर्शक दोन, एक वैद्यकाचे, एक समाजशास्त्राचे, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. वैद्यकवाल्यांनी कोपऱ्यात गाठलं की साहेब म्हणत, "मी मुळात समाजाचा अभ्यासक." समाजशास्त्रवाल्यांनी गाठलं की म्हणत, "माझा मूळ पिंड आरोग्यविज्ञानाचा." वाडीतली एखादी बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन आली की म्हणत, "मी त्या अर्थाने डॉक्टर नाही." दारावर मात्र नावाची पाटी होती आणि नावाच्या आधी दोन बोटं जागा मोकळी सोडलेली होती. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, अक्षरं मधोमध का नकोत? साहेब म्हणाले, "पुढे लागेल."

बारा महिने ते गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालत. वैशाखात, कडक उन्हात, दगडासारख्या जमिनीवरही. जंत पायातून शिरतात हे त्यांना ठाऊक होतं ना. बुटातून घाम ओघळत असायचा आणि समोर वीस अनवाणी बायका उकिडव्या बसलेल्या असायच्या. त्यांना साहेब पादत्राणांचं महत्त्व सांगत. एकदा एका बाईने विचारलं, "सायेब, तुमचं बूट घालून भाताचं आवण लावता येल का?" साहेबांनी ते वहीत "सहकार्याचा अभाव" या सदरात लिहिलं.

अभ्यासाला दोन वाड्या निवडल्या होत्या. एक खालापुराकडची, साजगावच्या पलीकडे. दुसरी कोंडाण्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. पहिलीचं नाव अ, दुसरीचं ब. अ वाडीतल्या बायकांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या, ब वाडीतल्यांना काही द्यायचं नाही. दर चार महिन्यांनी दोन्हीकडे रक्त तपासायचं आणि तुलना करायची. तपासायचं म्हणजे बोटाला सुई टोचून काचेच्या बारीक नळीने थेंब ओढायचा, आम्लात मिसळायचा आणि रंग जुळेपर्यंत वरून पाणी घालत राहायचं. हे काम माझं. मलाचे नमुनेही गोळा व्हायचे, जंतांसाठी. झाकणाच्या डब्या वाटायच्या, दुसऱ्या दिवशी गोळा करायच्या. त्या उघडून पाहायचं काम साहेब स्वतः करत, आणि आवडीने करत. लोक त्यांना रगतसाहेब म्हणत. यापेक्षा वाईट नाव सहज पडू शकलं असतं.

ब वाडीत चांगुणा नावाची बाई होती. माझ्याच वयाची. साहेबांच्या वहीत तिचं नाव ब-सतरा. तिची सासू पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून साहेबांपुढे उभी राहिली.

"रगत नेता ते नेता, आन देता काय?"

"आम्ही माहिती देणार," साहेब म्हणाले.

"कुनाला?"

साहेबांनी जरा विचार केला. "विज्ञानाला."

"त्यो कुठं ऱ्हातो?" म्हातारीने विचारलं. साहेबांनी मान वळवून मला पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी चैत्रात मी चांगुणाच्या बोटाला सुई टोचली, तर आलेला थेंब पाण्यासारखा. नळीत रंग जुळवला, हिमोग्लोबिन साडेचार आलं. बाईमाणसाचं बारा तरी असावं. मी पुन्हा केलं, पुन्हा साडेचार. तिची जीभ खडूसारखी, पाय सुजलेले. पाचवा महिना होता. आधीची दोन मुलं बाळंतपणातच गेली होती. विहिरीवरून घरी येईपर्यंत ती चार वेळा बसते, असं सासू म्हणाली.

संध्याकाळी मी साहेबांना म्हटलं, "तिला गोळ्या सुरू करायला हव्यात."

"ती ब आहे."

"साहेब, ती मरेल."

"हे मत झालं."

"साडेचार हे माप आहे. मी दोनदा घेतलंय."

साहेब काटा पुसत म्हणाले, "एका बाईला दिलं की ती वाडी ब राहत नाही. इतक्या वर्षांचं काम एका बाईसाठी पाण्यात घालू?"

"निदान कर्जतच्या दवाखान्यात जा असं तरी सांगू."

"आपण सांगितलं तर तो हस्तक्षेप. तिची ती गेली तर आपली हरकत नाही." आणि माझी समजूत घातल्यासारखं, "हा प्रश्न एका शाखेचा नाही, हे तुम्ही लक्षात घ्या."

हे वाक्य त्यांचं नेहमीचं. घरमालकाने संडास तुंबल्याची तक्रार केली तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं. तेव्हा मी हसले होते.

गोळ्यांचे पत्र्याचे डबे कपाटात असत आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. साहेब वडा मोजत, पाऊस मोजत, पण गोळ्या मोजत नसत. ते मदतनिसाचं काम होतं. पुढच्या आठवड्यात मी एक पुडी घेऊन ब वाडीत गेले. चांगुणाच्या हातात दिली, रोज एक खा म्हटलं. सासूने पुडी उघडून पाहिली.

"हिलाच का? वाडीत आनखी बायका न्हाईत काय? शेजारनीला कळलं तर माज्या तोंडावर थुकंल."

"आत्या, साहेबांना कळता कामा नये."

"त्येला कोन सांगतंय? त्यो आमच्याशी बोलतो कुठं?"

अशा तऱ्हेने मी संपूर्ण ब वाडीला गोळ्या वाटू लागले. दर पंधरा दिवसांनी नमुन्यांच्या डब्या पोचवायच्या निमित्ताने जायचे. डब्यांत अ वाडीला पुरून उरतील इतक्या गोळ्या होत्या; नोंदवहीत या गोळ्याही अ वाडीच्याच नावावर लिहायचे आणि खाली सही करायचे. पहिल्या सहीला मी खोलीचं दार लावून घेतलं. नंतर लावलं नाही.

लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं. बायका घाबरल्या, मी त्यांना समजावलं. पण ब वाडीच्या डब्या साहेबांच्या टेबलावर जातच होत्या. एकेक डबी उघडताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहायचे. काळ्या रंगाचा अर्थ मला शिकवला होता त्यांनीच. ते वाकून पाहत, डबी बंद करत, पुढची उघडत. काही बोलत नसत. मला वाटे, सुटले. यांचं लक्ष नाही.

श्रावणातल्या तपासणीत चांगुणाचं रक्त नऊ भरलं. सगळ्या वाडीचं वर गेलं होतं. साहेबांनी आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या. अ ची वर गेलेली आणि तिच्या पाठोपाठ ब ची, बोट धरल्यासारखी. त्या दोन रेघा वेगळ्या निघाव्यात यासाठीच तर सगळा खटाटोप होता. साहेब तीन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. खानावळीचा डबा परत जायचा. मला त्यांची दया आली, खरंच आली. चौथ्या दिवशी सगळं सांगून टाकायचं ठरवून मी गेले, तर दार उघडं, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यावर हिरव्या भाज्यांचे ढीग. टाकळा, कुर्डू, भारंगी. साहेब चिमट्याने टाकळ्याचं एकेक पान काट्यावर ठेवत होते. तोंडावर असा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

"रानभाज्या," ते म्हणाले. "ब वाडी डोंगराला लागून आहे. तिथल्या बायका पावसाळ्यात रानभाज्या खातात. अ वाडी कारखान्यांजवळची, तिथे हे कमी. आहार, भूगोल, परंपरा, शरीर. बघा, सगळ्या शाखा एकत्र आल्या."

"साहेब, मी ब वाडीला गोळ्या दिल्या. चैत्रापासून. सगळ्यांना."

ते पान मोजत राहिले.

"तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"हे तुमचं मत आहे."

"मत नाही. डबे उघडून मोजा. अ वाडीच्या बायकांना विचारा, त्यांना किती मिळाल्या ते."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. पहिल्यांदाच ते माझ्याकडे नीट पाहत होते. "नोंदवहीत तुमची सही आहे. गोळ्या अ वाडीत गेल्या असं त्यात लिहिलंय. ते खोटं असेल, तर खोटी नोंद करणारी बाई म्हणून मला तुमचं नाव कळवावं लागेल. मग तुम्हाला कोणतीही प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. मला ते करायला लावू नका." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आणि त्या डब्यांतला काळा रंग. त्याचंही कारण मी शोधलंय. गडद पालेभाज्या."

त्या क्षणी मला कळलं की त्यांनी पहिल्याच डबीला ओळखलं होतं. इतके महिने ते माहीत असूनही गप्प बसले होते, कारण आकडे कुठे जातात ते त्यांना पाहायचं होतं. आयुष्यभर माप मागणाऱ्या त्या माणसाने कपाटाचं दार उघडलं नाही.

मीही गप्प बसले. घरी वडील निवृत्तीला आले होते, माझं लग्न ठरत नव्हतं. ही सबब आहे, हे मला कळतं. त्या भाद्रपदात चांगुणाला मुलगी झाली, जिवंत, रडकी, धडधाकट. तिला मांडीवर घेऊन मी मनाला सांगितलं की प्रबंध जाऊ दे खड्ड्यात, हे तर खरं आहे.

प्रबंध खड्ड्यात गेला नाही. लाल कापडी बांधणीत विद्यापीठात गेला. समाजशास्त्रवाल्या मार्गदर्शकांना त्यातलं रक्त कळलं नाही, वैद्यकवाल्यांना त्यातली परंपरा कळली नाही, आणि एकमेकांना विचारायची दोघांची तयारी नव्हती. पदवी मिळाली. पाटीवरची दोन बोटं जागा भरली आणि महिन्याभरात पाटीच काढून साहेब मुंबईला गेले. ऋणनिर्देशात त्यांनी माझ्या "काटेकोर आणि विश्वासार्ह नोंदीं"चे आभार मानले होते. त्याच शब्दांचं एक प्रमाणपत्र मला दिलं. मी ते घेतलं.

त्या प्रमाणपत्रावर मला कर्जत तालुक्यातल्या एका खाजगी संस्थेच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. संस्था आसपासच्या वाड्यांतल्या गरोदर बायकांना गोळ्या वाटायची. ब वाडीही त्यांच्याकडेच होती. दोन वर्षं बरी गेली. मग संस्थेने एक सल्लागार नेमले. ते आमचे साहेब निघाले. पहिल्या महिन्यात कागद आला की गोळ्या बाहेरून आणाव्या लागतात, लोकांना त्या परक्या वाटतात. संशोधनाने सिद्ध झालं आहे की रानभाज्यांनी तेच साधतं. गोळ्यांचं वाटप बंद करून भाज्यांचा प्रचार करावा. सोबत रंगीत चित्रं होती, टाकळ्याची जुडी आणि बाजूला हसणारी बाई. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नव्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला हे पटत नाही, पण पीएच.डी. आहे त्यावर. तुम्ही होतात ना त्या अभ्यासात? खरं आहे का हे?"

मी म्हटलं, "साहेबांचा अभ्यास मोठा आहे."

ती चित्रं वाड्यांतल्या भिंतींवर चिकटवायला मीच गेले. ब वाडीत चांगुणाच्या दारावरही चिकटवलं. तिच्या धाकट्या दिराचं नुकतंच लग्न झालं होतं. नवी जाऊ सुंदरा, जेमतेम अठरा वर्षांची, चित्राकडे पाहून लाजली, कारण त्यातल्या बाईचं पोट पुढे आलेलं होतं.

पुढच्या वर्षी सुंदराला टेंपोतून दवाखान्यात आणलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. वाटेतच बाळंत झाली होती. मूल गेलेलं, रक्त थांबत नव्हतं. मी बोटाला सुई टोचली. साडेतीन. डॉक्टरीणबाईंनी हात-पाय मारले, पनवेलला न्यायची तयारी केली, पण गाडीत घालेपर्यंत सगळं संपलं. त्या सासूवर ओरडल्या, "अहो, हिच्या अंगात रक्तच नव्हतं. तुम्ही हिला खायला काय देत होतात?"

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "टाकळा. रोज. कागदावर काढलाय तसाच."

मी हातातली नळी धूत राहिले.

महिन्याभराने संस्थेचा कार्यक्रम झाला, नेमका ब वाडीत, कारण प्रबंधामुळे ती वाडी प्रसिद्ध झाली होती. देवळापुढे मांडव घातला होता. साहेब पाहुणे. गमबूट गेले होते, चकचकीत बूट आले होते. ते पाऊण तास बोलले. या मातीतल्या माउलींना पिढ्यान्‌पिढ्या जे ठाऊक होतं, तेच मी विज्ञानाच्या भाषेत मांडलं, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. तेवढ्यात बायकांतून चांगुणा उभी राहिली. हाताला धरलेली तिची मुलगी होती.

"सायेब, टाकळा आमी जलमापासून खातो," ती म्हणाली. "त्यानं रगत वाडलं असतं, तर माजी पयली दोन का गेली? माज्या जावंनं तर तुमचा कागद बगून खाल्ला. ती का गेली? ही पोर जगली ती बाईंच्या गोळ्यांनी. इचारा बाईंना."

मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहेब म्हणाले, "हा भावनेचा भाग आहे. आपण चहानंतर चर्चा करू." चहाच्या आधी ते जीपमध्ये बसून गेले. डॉक्टरीणबाई माझ्यापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कुठल्या गोळ्या? मला सगळं सांगा. आणि सांगून भागणार नाही, लिहून द्या."

मी लिहून दिलं. किल्ली, कपाट, खोट्या सह्या, काळ्या डब्या, टाकळ्याची पानं, सगळं, चार पानं. डॉक्टरीणबाई ते घेऊन संस्थेच्या मंडळापुढे भांडल्या आणि दोन महिन्यांत गोळ्या परत सुरू करून घेतल्या. कागदात कारण दिलं होतं की रानभाज्यांना पूरक म्हणून. साहेब सल्लागार राहिले. पुढे याहून मोठ्या जागी गेले. त्यांच्या प्रबंधाला कोणी हात लावला नाही. माझी चार पानं मात्र मंडळाने नीट वाचली आणि खोट्या नोंदी केल्याची कबुली दिल्याबद्दल मला कामावरून काढलं. ते चूक होतं असं मी म्हणू शकत नाही. वाईट एवढंच की खोट्या नोंदीवाल्या बाईला कोणी दारात उभं करत नाही, हे त्या माणसाचं म्हणणं आयुष्यात एकदा खरं ठरलं.

काढल्याची बातमी वाडीपर्यंत गेली. एका सकाळी चांगुणा कर्जतला आमच्या घरी आली, मुलीला घेऊन, चालत. आईने तिला चहा दिला. मुलगी अंगणात खेळू लागली. चांगुणाने बशीत चहा ओतला, मग म्हणाली, "तू तवाच का नाय बोललीस गं? टाकळ्याचा कागद माज्या दाराला लावलास तवा?"

माझ्याकडे उत्तर एकच होतं, खरं होतं, म्हणून ते दिलं. "नोकरी जाईल असं वाटलं."

तिने बशी खाली ठेवली.

"मंग आता गेलीच की."